शेऱ्याचा रकाना

राजुऱ्याजवळच्या एका शाळेत मी अठरा वर्षं इंग्रजी शिकवते आहे. मला राग लवकर येतो आणि माझ्या इंग्रजीचा मला गर्व आहे, या दोन्ही गोष्टी मुलांना पहिल्याच आठवड्यात कळतात. वडील एका कचेरीत शिपाई होते. इंग्रजी कागद ते या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचे, पण वाचता यायचे नाहीत. "पोरी, त्याच्यात काय लिवलं असते ते तुले समजलं पाह्यजे," असं ते म्हणायचे. मला ते समजायला लागलं, पुढे तसलं लिहायलाही यायला लागलं.

दहावीला मी एक प्रकार फार आवडीने शिकवते. 'टू डू' म्हणजे करणं आणि 'टू बी डन' म्हणजे केलं जाणं. पुस्तकातून शिकवलं की पोरं पेंगतात, म्हणून दरवर्षी त्यांना सांगते, घरात, दुकानात, रस्त्यावर कुठेही 'टू बी'चं वाक्य दिसलं की उतरवून आणा, नाहीतर कागदच उचलून आणा, आपण मागच्या भिंतीवर चिकटवू. यंदाही भिंत भरली. औषधाच्या पाकिटावरचं 'टू बी टेकन आफ्टर मील्स' आलं. फवारणीच्या डब्यावरचं 'टू बी केप्ट अवे फ्रॉम चिल्ड्रन' आलं. बिस्किटाच्या पुड्यावरचं 'नॉट टू बी सोल्ड सेपरेटली' तर तिघांनी आणलं. एकाने मोबाईलवरच्या कुठल्याशा मुलाखतीतून 'आय वॉन्ट टू बी लेफ्ट अलोन' उतरवून आणलं, तेव्हा मागचा बाक ओरडला, "मॅडम, आमाले बी!" मीही हसले.

आणि मग रंगात येऊन नेहमीचं भाषण दिलं. गोळी कोणी घ्यायची, डबा कोणी दूर ठेवायचा, हे इंग्रजी माणूस सांगत बसत नाही. काम सांगतो आणि मोकळा होतो. बघा किती सभ्य भाषा आहे, कोणाकडे बोट दाखवत नाही. हे वाक्य मी अठरा वर्षं म्हणत आले होते.

तास संपल्यावर एक मुलगी टेबलाशी आली. ती फारशी बोलत नसे. हातात चार घड्या घातलेली झेरॉक्स होती. "मॅडम, हे बी टू बीचंच आहे," ती म्हणाली, "पन हे कोनी करायचं ते आमच्या गावात कोनालेच माहीत नाई."

तिचं गाव मला माहीत होतं. कोळशाची खाण वाढणार म्हणून ते गाव उठवून दुसरीकडे बसवणार आहेत. ज्या घरात माणसं राहतात त्यांना नव्या जागी प्लॉट आणि घर मिळणार. ग्रामपंचायतीत याद्या लागल्या होत्या, पात्र आणि अपात्र. हिचं घर अपात्रमध्ये होतं. वडिलांनी चार चकरा मारून कारण विचारलं, तेव्हा त्यांच्या हातात सर्वेक्षणाच्या पानाची ही झेरॉक्स दिली गेली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'लॉक्ड. टू बी व्हेरिफाइड.' म्हणजे घराला कुलूप आहे, खातरजमा केली जावी.

मी आधी वाक्य वाचलं, अगदी बरोबर होतं. मग अक्षर पाहिलं. माझ्या एफच्या शेपटीला एक गाठ असते, ती दुसऱ्या कोणाच्या अक्षरात मी पाहिलेली नाही. या पानावर ती होती. शेरा मीच लिहिला होता.

"भिंतीवर लावू का, मॅडम?" तिने विचारलं.

"नको," मी म्हणाले. "माझ्याजवळ राहू दे." अक्षर माझं आहे हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मागच्या वर्षी होळीच्या आधी आम्हा शिक्षकांना त्या सर्वेक्षणाला जुंपलं होतं. शाळा सांभाळून रविवारी गावात जायचं, दारोदार माहिती लिहायची. आमच्याबरोबर एक साहेब होते, ते झाडाखाली खुर्ची टाकून बसत. त्या गावात त्या दिवशी निम्म्या घरांना कुलपं होती. एका कुलपापुढे मी उभी असताना शेजारची म्हातारी कुडाजवळ आली आणि म्हणाली, "मिरचीले गेले बाई. होळीले येतीन."

हे काही नवल नव्हतं. आमच्या भागातली किती तरी माणसं त्या दिवसांत मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोराबाळांसकट, दाराला कुलूप घालून. हे मला ठाऊक नाही असं कसं म्हणू? माझी सख्खी मावशी जात असे. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "शेजाऱ्याचं सांगणं चालत नाही. लॉक्ड लिहा आणि पुढे चला." नुसतं लॉक्ड लिहायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी माझ्या पदरचं 'टू बी व्हेरिफाइड' जोडलं. त्या घरावर उपकारच केले असं वाटलं मला तेव्हा. अशी अकरा घरं मी त्या दिवशी लिहिली आणि घरी येऊन गाढ झोपले.

खातरजमा करायला पुढे कोणीही गेलं नाही. मीही गेले नाही. माझ्या मनात एकदाही आलं नाही की ती मीच करू शकत होते, एसटीने अर्ध्या तासाच्या अंतरावर.

पण खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. मागच्या वर्षीचा नववीचा हजेरीपट काढून पाहिला. फेब्रुवारी महिनाभर या मुलीच्या नावापुढे माझ्याच हाताने 'गै' लिहिलेलं. सोमवार ते शनिवार मी तिला गैरहजर मांडत होते आणि रविवारी तिच्या घरासमोर उभी राहून घरात कोण राहतं ते मला कळत नव्हतं. कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं. मुलीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. ती रडली नाही, रागावली नाही, नुसतं म्हणाली, "तुमी आल्या होत्या? आमाले कोनी सांगतलंच नाई."

मग मी पुनर्वसनाच्या कचेरीत गेले. मराठीत अर्ज लिहिला, आणि प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू केलं. मी या घराला कुलूप पाहिलं. मी शेजारणीने सांगितलेलं लिहिलं नाही. मी शेरा लिहिला. मी पुन्हा गेले नाही. या घरात माणसं राहतात, त्यातली एक माझ्या वर्गात आहे. इतर दहा घरांचंही तसंच लिहिलं. टेबलापलीकडच्या साहेबांनी अर्ज वाचला आणि त्यांना माझी खरोखर काळजी वाटली असावी. "मॅडम, स्वतःला कशाला अडकवून घेता? असं लिहीत नसतात." मी म्हटलं, असंच राहू द्या. त्यांनी समासात हिरव्या शाईने लिहिलं, 'टू बी री-व्हेरिफाइड.'

मी विचारलं, "कोण करणार? कधी?"

"टीम येईल ना. महिन्याभरात कधीही येईल. पण घर उघडं पाहिजे हां. या वेळी कुलूप दिसलं तर विषय संपला."

ही गोष्ट मी त्या मुलीच्या घरी जाऊन सांगितली. दुसऱ्या दिवशी पहाटे मिरचीची गाडी निघणार होती, बोचकी बांधून झाली होती. आईने विचारलं, "मंग आमी जावं का नाई, बाई?"  होळीपर्यंत मिरची तोडली तर पावसाळ्यापर्यंत घर चालतं, नाही तोडली तर काय खायचं? बाप म्हणाला, बघू काहीतरी. मला वाटलं, दोघांतलं एक जण थांबेल.

दोघंही गेले. चौथ्या दिवसापासून मुलगी शाळेत येईनाशी झाली. दहावीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. मी एसटी पकडून गावात गेले, तर ही उंबरठ्यावर बसलेली, मांडीवर भूमितीचं पुस्तक, दार सताड उघडं. "टीम आली अन् कुलूप दिसलं तर?" ती म्हणाली. अंघोळीला जातानासुद्धा ती शेजारच्या म्हातारीला दारात बसवून जायची. म्हातारीची नजर अधू झाली होती, तिच्या भरवशावर दिवसभर दार सोडता येत नव्हतं.

मी तिच्यावर ओरडले. परीक्षेचं वर्ष आहे, डोकं फिरलं का तुझं, असं बरंच काही बोलले. ती हळूच म्हणाली, "मॅडम, घर तर पाह्यजे ना." 

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला. आमच्या मुख्याध्यापकांना वाटलं, माझी तब्येत बिघडली आहे. तपासून घ्या, ते म्हणाले. सकाळच्या एसटीने मी गावात उतरले, परत फिरणाऱ्या त्याच एसटीत मुलीला बसवून शाळेत पाठवलं आणि तिच्या उंबरठ्यावर जाऊन बसले. निघताना तिने मला पाण्याचा तांब्या भरून दिला आणि कागदांची पिशवी कुठे आहे ते दाखवलं.

ऊन वर चढलं. गल्लीत दहा कुलपं दिसत होती. माझ्या अर्जात तीही घरं होती, पण तिथे बसायला कोणी नव्हतं आणि मी एकाच दारात बसू शकत होते. टीम आली नाही. कोणीच आलं नाही. दुपारी शेजारची म्हातारी काठी टेकत कुडाजवळ आली, डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"घरचे कुठी गेले?" तिने विचारलं. तिला चांगलं माहीत होतं.

"मिरचीला गेलेत," मी म्हणाले. "होळीला येतील."

"म्या बी तुमाले हेच सांगतलं होतं," म्हातारी म्हणाली. "तवा काऊन नाई लिवलं, बाई?"