साखर कुणी घातली?

काल शेजाऱ्यांकडून सातू भाजल्याचा वास आला आणि येरवड्याच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवली. नागपूरहून आलेला माझा रूममेट आणि मी घरी बीअर करत होतो. मोड आणून वाळवलेले, भरडलेले सातू मोठ्या पातेल्यात घेतले आणि मी भाताला घालतात तसं पेरभर वर येईल इतकं गरम पाणी घातलं. बोट पोळलं, आणि दाण्यांनी बघता बघता सगळं पाणी पिऊन टाकलं. उलथनं उभं राहिलं. ‘‘अबे, बीअर करून राहिला का शिरा?’’ रूममेट म्हणाला. सातू तेवढेच होते, बिघडले तर दुसरे नव्हते. घाबरत घाबरत आसट खिचडीइतकं सैल होईपर्यंत पाणी वाढवलं आणि पातेलं चादरीत गुंडाळून ठेवलं. तासाभरानं झाकण काढलं, तर तो पिठूळ पांढुरका रस मधाच्या रंगाचा झाला होता. त्यानं चमचाभर चाखला. ‘‘साखर कधी घातली बे?’’ ‘‘मी? मला वाटलं तूच घातलीस.’’ घरात साखर नव्हतीच; सकाळचा चहासुद्धा आम्ही फिका प्यायलो होतो. मोड आलेल्या सातूंनीच त्या गरम पाण्यात आपल्या पिठाची साखर केली होती, हे पुढे कळलं. ती बीअर कशी झाली, ते आता आठवत नाही. पण अजूनही कधीतरी नुसत्या भाताचा घास मी उगाच चावत राहतो, तोंडात तशीच गोडी उतरेपर्यंत.