मालूवन्संचा मोदक

मालूवन्संना फॅमिली ग्रुपवर 'अन्नपूर्णा' म्हणणाऱ्यांनो, जराशी तरी लाज बाळगा.

दहा दिवस गप बसले. आज त्यांचा दहावा झाला. आता बोलते.
नातीनं टाईप करायला शिकवलं आहे, चुका झाल्या तर झाल्या.

मालूवन्सं म्हणजे माझी नणंद. आमच्या ह्यांची सख्खी मोठी बहीण.
मी नेरहून लग्न होऊन यवतमाळला आले ते साल बासष्टच्या आसपास. तेव्हा त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या.

त्यांचा पगार घरात चालायचा. हातचं मात्र चालायचं नाही.

दवाखान्यात कोणाकोणाला शिवते, म्हणून त्यांची चूल वेगळी. मागच्या खोलीत. स्वतःच्या बापाच्या घरात!

तिथल्या एका गोऱ्या नर्सबाईकडून त्या एक पदार्थ शिकल्या होत्या. नाशपाती आणि चीजची भाजलेली करंजी. आता माझी नात त्याला 'हँड पाय' म्हणते. आम्ही करंजीच म्हणायचो.

नागपूरच्या बसच्या कंडक्टरला सांगून नाशपाती मागवायच्या. फोडी करून साखर-वेलचीत आटवायच्या.
चीज कुठलं मिळायला यवतमाळात? चांगलं दूध लिंबू पिळून फाडायच्या, फडक्यात बांधून वर वरवंटा ठेवायच्या.

त्यावरून सासूबाईंचा दरवर्षी तमाशा.
"चांगलं दूध कायले नासवून राह्यली? घराची लक्ष्मी नासवते ही पोरगी!"

वन्सं आपलं काम चालू ठेवायच्या. मैदा डालड्यात चोळायच्या, पाऱ्या लाटायच्या, सारण भरून सुरेख मुरड घालायच्या. पातेल्यात वाळू तापवायची, आत ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. झाला ओव्हन.

वास असा सुटायचा की शेजारची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहायची.
मी मागच्या दारानं जाऊन खायची. मले कोण अडवते!

हे सगळं भाऊबीजेसाठी.

आमच्याकडे करंज्या केल्या की सोबत एक तरी मोदक करतातच. करंजी बहीण, मोदक भाऊ. बहिणीला एकटं ठेवायचं नाही म्हणतात.
वन्संही त्याच पिठाचा, त्याच सारणाचा एक मोदक वळायच्या. एकच. भावासाठी.

ओवाळून झालं की तो मोदक ह्यांच्या हातावर ठेवायच्या.
हे म्हणायचे, "ताई, मागून खातो."
रुमालात गुंडाळायचे. अंगणात जायचे. गाईला द्यायचे.

दर भाऊबीजेला! शिकलेला माणूस, कचेरीत साहेब म्हणवून घेणारा!

मी एकदा विचारलं, "काहून असं करता?"
"आईले काय वाटेल? आन् तिच्या हाताले दवाखान्याचा वास येते."

त्याच हातांनी तुमचा टायफॉईड काढला होता हो! तेव्हा नाही आला वास?

त्या वर्षी वन्संनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "सुमे, कसा झालता गं मोदक? काही बोलला तो?"
मी काहीतरी थाप मारणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "राहू दे. ह्या खिडकीतून अंगण दिसते मले."
आणि पदरानं पातेलं पुसत बसल्या. कोरडंच होतं ते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या घरात नव्या सुनेचं ऐकतं कोण?

पुढच्या वर्षी त्यांनी ढाणकीच्या दवाखान्यात नोकरी धरली. कायमच्या गेल्या. करंज्या बंद.
भाऊबीजेला यायच्या, दुकानातला पेढा घेऊन.
तो मात्र ह्यांनी लगेच तोंडात टाकला! माझ्यासमोर!

वन्संनी फक्त माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आजवर विसरले नाही.

सासूबाई गेल्या, काळ बदलला, वेगळी चूल गेली. मी कितीदा म्हटलं, वन्सं, करा ना एकदा. त्या म्हणायच्या, "सवय गेली आता." मी पुन्हा पुन्हा विचारायची, त्या पुन्हा पुन्हा तेच म्हणायच्या.

आता त्या गेल्या, तर ग्रुपवर पूर आला आहे. 'काय ती हाताची चव!' 'सुगरण हरपली!' कोणी खाल्लं होतं रे तुमच्यापैकी? फोटोंना हात जोडता, तेव्हा कुठे मेले होते हे हात?

परवा हे म्हणाले, "दहाव्याला ताईच्या आवडीचं ठेवावं लागेल. नाशपातीच्या करंज्या करशील का?"

मी म्हटलं, "त्यांच्या आवडीचं? त्यांना आवडलं असतं ते तुम्ही खाल्लेलं."



करंज्या मी केल्या. आज पहाटे उठून, नातीच्या ओव्हनमध्ये. चांगलं दूध बिनदिक्कत फाडलं. पानावर ठेवायला करंज्याच दिल्या.

मोदक घरी ठेवला.

हे घाटावरून परत आले, आंघोळ केली. मी ताटलीत मोदक घालून समोर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.
"खा. आज गाय नाही अंगणात."

पंच्याऐंशीचा माणूस. कीव आली का? नाही आली. खोटं कशाला बोलू?

खाल्ला. पूर्ण खाल्ला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.
मग म्हणाले, "असा लागत होता का गं?"

मी म्हटलं, "नाही. त्यांच्या हातचा याच्याहून पुष्कळ चांगला लागायचा."

ताटली उचलली आणि आत आले.

मालूवन्सं, मोदक खाल्ला त्यांनी. मी बघितलं.
या आता, सुखानं जा.

तुमची,
सुमी