लुविमिनची साक्ष

फिलिपीन्समधल्या इलोइलोच्या खाडीकाठी सुकी मासळी विकणाऱ्या पासिंगची लेक लुविमिन. पोरीची नजर घारीची, असे सारा बाजार म्हणे. कोंबडी हरवो की लेकरू चुको, लुविमिनला विचारावे! त्याच नजरेवर भरवसा ठेवून पोलिसांनी मानोंग तेबान, म्हणजे तेबानदादा, या तीनचाकी ट्रायसिकलवाल्याला कोठडीत घातले होते. भर बाजारात आईची सोनसाखळी हिसकावली गेली, आणि ठाण्यात पोलिसांनी संशयावरून आणलेल्या माणसांतून लुविमिनने त्याच्याकडे बोट दाखवले. उद्या न्यायालयात तेच बोट पुन्हा उचलायचे होते.

आणि आज शाळेत मानसशास्त्राच्या तासाला स्मृतीचा धडा निघाला.

मॅम देल्फिना फळ्याकडे वळल्या, तोच एक माणूस वर्गात घुसला, टेबलावरची पिशवी उचलून पळाला. पोरे किंचाळली.

"घाबरू नका, मीच बोलावलं होतं त्याला," मॅम शांतपणे म्हणाल्या. "आता सांगा, कसा होता?"

"मिशीवाला!" लुविमिन सर्वांआधी उठली. "चांगली जाड मिशी. शपथ घेऊन सांगते, मॅम."

दार उघडून मॅमचा दीर पिशवीसह हसत आत आला. मिशीचा मागमूस नव्हता.

"काय गं घारी, मिशी घरून आणलीस का?" मागून जोमार ओरडला. वर्गात हशा पिकला.

"आठवण म्हणजे पेटीत जपलेली वस्तू नव्हे," मॅम सांगू लागल्या. "दर वेळी मन ती नव्याने रंगवतं. आणि खात्री वाटली म्हणजे ते खरंच असतं, असंही नाही."

शब्द साधे, पण लुविमिनच्या काळजात ते विंचवाच्या नांगीसारखे उतरले. तेबानचा चेहरा तिने आठवून पाहिला. हा बाजारात दिसलेला, की ठाण्यात दाखवलेला? देवा, कोणता? जितका आठवावा तितका तो स्पष्ट होई. जितका स्पष्ट होई तितके भय वाढे. सर्वसाक्षी देव एकच. माणसाने साक्ष द्यावी ती भीतभीतच!

घरी आई बांगुस मासा तळत होती. लुविमिन दारातच थबकली. बोलावे तर आई कोपेल, बाजार थुंकेल. न बोलावे तर तेबान, लहान लेकरांचा बाप, तुरुंगात कुजेल.

"नानाय," तिने आईला हाक मारली, "तो तेबानच होता का, मला आता सांगता येत नाही."

"डोकं फिरलं का तुझं? ती मॅम काय भरवते गं तुमच्या डोक्यात? चारचौघांत बोट दाखवलंस ना?"

"ठाण्यात तू कानात म्हणालीस, 'तेबानच ना गं?' तेव्हापासून मला तोच दिसायला लागला."

पासिंगचे उलथणे हवेतच राहिले. आवाज खोल गेला.

"माझी तर चोराकडे पाठ होती, बाय. तू मान हलवलीस, म्हणून मला पटलं."

तेल कडकडत राहिले. एकीच्या शब्दावर दुसरी उभी, दुसरीच्या मान हलवण्यावर पहिली. चोराचे तोंड नीट पाहिलेले मात्र कोणीच नाही!

पासिंगने चूल विझवली. "चल ठाण्यात."

"आत्ता? ते आपल्यालाच कोंडतील, नानाय!"

"कोंडू देत," ती म्हणाली खरी, पण बाहेर आल्यावर दाराची कडी तिच्याकडून लागेना. शेवटी लुविमिननेच पुढे होऊन कडी घातली, आणि दोघी ठाण्याची वाट चालू लागल्या.