नेला की न्हाला

बकुळ आठल्ये आमच्या शाळेत गणित शिकवायची. बनारसच्या संकठा घाटावरच्या गल्लीत ती आणि तिचे वडील शिवरामपंत, दोघंच राहत. पंत रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि नाद एकच, मोडी वाचायचा. त्यांचा एक पूर्वज मुलांना देवीचा टीका, म्हणजे लस, टोचत असे. कोणाला कधी टोचलं, ताप कधी चढला, पुढे काय झालं, हे त्याने एका वहीत मोडीत लिहून ठेवलं होतं. नऊ वर्षं खपून पंतांनी ती वही बाळबोधीत उतरवली.

मग पुण्याहून डॉ. सुशांत दाभोळे आले. वैद्यकाच्या इतिहासाचे संशोधक. आठ दिवस बकुळच्या हातचं जेवले, वहीचे फोटो काढले आणि पंतांच्या प्रतीची नक्कल घेऊन गेले. "लेख आपल्या दोघांच्या नावाने, पंत," म्हणाले.

दीड वर्षाने लेख परदेशी नियतकालिकात आला. टोचलेल्या २१४ मुलांपैकी दोनच दगावली, अशी बातमी पेपरांनीही छापली. पंतांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी फोन केला, तर दाभोळे म्हणाले, "तुम्ही फक्त उतरवून काढलंत, पंत. संशोधन वेगळं असतं."

पंतांनी ती वही पुन्हा उघडली नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

तेरावा झाल्यावर बकुळ मला म्हणाली, "त्या माणसाला मी सोडणार नाही." आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती मोडी शिकायला बसली. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सुद्धा गिरवत असायची. कशासाठी, विचारलं तर म्हणायची, "कुठेतरी चुकला असेलच तो."

दोन वर्षांनी चूक सापडली. पण ती पंतांची होती.

ताप उतरून मुलाला आंघोळ घातली की पूर्वज 'न्हाला' लिही. मूल गेलं की 'नेला', कारण देवीने गेलेल्या मुलाला जाळत नसत, गंगेत सोडत. कसर लागलेल्या पानांवर पंतांनी अकरा जागी 'नेला'चं 'न्हाला' वाचलं होतं. म्हणजे दोन नव्हे, तेरा मुलं गेली होती.

तिने लखनौला भावाला, सुश्रुतला, फोन केला. तो म्हणाला, "ताई, छोड़ ना! बाबांचीच अब्रू जाईल."

"जाऊ दे. त्याचीही जाईल."

फेब्रुवारीत दाभोळे व्याख्यानाला बनारसला आले. बकुळ मला घेऊन दुसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर वहीचं पान आलं तशी ती उठली.

"शेवटून तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द वाचाल?"

"न्हाला," दाभोळे हसून म्हणाले. "लेखात आहेच."

"आता त्याखालची ओळ वाचा. ती लेखात नाही."

दाभोळे पडद्याकडे बघत राहिले. उजेडामुळे नीट दिसत नाही, म्हणाले. कोणीतरी दिवे घालवले. पान लख्ख दिसायला लागलं, तर दाभोळे हातातले कागद चाळायला लागले.

"मैडम, बैठ जाइए," अध्यक्ष म्हणाले.

"नहीं बैठूँगी." बकुळने ती ओळ खडाखडा वाचून दाखवली, 'आईने तीन दिवस अन्न घेतले नाही.' मग म्हणाली, "वरचा शब्द 'नेला' आहे. 'न्हाला' ही माझ्या बाबांची चूक. अशा अकरा चुका आहेत. त्या अकराच्या अकरा तुमच्या लेखात कशा आल्या?"

दाभोळ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. न पिताच पुन्हा ठेवला. बकुळ त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

तिने बाबांचं आणि आपलं, अशी दोन्ही वाचनं नियतकालिकाला पाठवली. सात महिन्यांनी लेख मागे घेतला गेला. संस्थेने दाभोळ्यांना प्रकल्पातून काढलं. लेख मागे घेतल्याच्या निवेदनात पंतांचं नाव पहिल्यांदा छापून आलं, 'शिवराम आठल्ये यांचे सदोष लिप्यंतर' असं. सुश्रुत त्या दिवाळीला आला नाही.

"वाईट वाटतं?" मी विचारलं.

"बाबांना वाटलं असतं. मला नाही वाटत."

पुढे दाभोळ्यांचं माफीचं पत्र आलं, चार पानी. बकुळने ते माझ्यासमोर दोनदा वाचलं, अगदी सावकाश, एकेक ओळ चघळत.

"उत्तर देणार?"

"नाही," ती म्हणाली. "बसू दे वाट बघत."