माणकाची अंगठी

अंगठ्यांत खडे बसवणारे काका म्हणजे, अहो, भलते बोलघेवडे! मेष राशीवाल्याला पोवळं देताना बजावायचे, "राग गेला नाही तर खडा परत आणा. बायकोला आणू नका, ती मलाच फाडून खाईल!"

एका अंगठीपाशी मात्र त्यांची जीभ अडायची. त्यांची स्वतःची बायको भांडून तान्ह्या लेकीला घेऊन गेली, ती परतलीच नाही. लेक सिंह राशीची, म्हणून काकांनी तिच्यासाठी माणकाची इवलीशी अंगठी घडवली होती. दर वाढदिवसाला ते ती थोडी मोठी करायचे. माप कुठून आणायचं? गिऱ्हाइकांच्या, तिच्याच वयाच्या पोरींच्या बोटांवरून घ्यायचे.

आई वारल्यावर लेक एकदाची आली. "बाबा," म्हणून दारातच उभी राहिली. काकांनी अंगठी तिच्या बोटात घातली, तर ती सैल होऊन गरगर फिरली.

"इथे येतात त्या खात्यापित्या घरच्या पोरी," काका पुटपुटले. "मी आपला त्यांच्यावरून... तुला पोटभर मिळत नव्हतं का गं?"

"मिळायचं की, बाबा," लेक घाईघाईने म्हणाली आणि तिने मूठ घट्ट मिटून घेतली.