पत्र्यावरच्या सहा गोण्या

दत्तात्रेय तापट आहे हे उरणच्या सगळ्या फॅब्रिकेशनवाल्यांना माहीत आहे. मिठागरावर वाढलेला, सातवी शिकलेला माणूस, पण कारखान्यांतले हवेचे डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे पत्र्याचे मोठे नळ, तीस वर्षं बनवतोय. समोर कुणी ‘हवाच तर आहे’ म्हणालं की त्याचं डोकं फिरतं. हवेला वजन नसतं असं समजणारे साहेब त्याला पगारी गाढवं वाटतात, आणि ते तो तोंडावर सांगतो.

यंदा एका मसाल्याच्या कारखान्यात भुकटी ओढून घेणारा डक्ट बसवायचा होता, तोही पॅकिंगच्या बायकांच्या डोक्यावरून. त्या बायकांत त्याची पुतणी भाविका होती. कारखान्याचे इंजिनियर कुलदीप साहेबांनी ड्रॉइंगमध्ये नेहमी आतून वाहणाऱ्या हवेचाच दाब धरला होता, मापाच्या नळीत एकशेदहा मिलिमीटर पाणी चढेल एवढा.

“आन तोंडाची झडप बंद झाली तं?” दत्ताने विचारलं. “पंख्याची सगली ओढ पत्र्यावर येल. तीनशे मिलिमीटर. म्हंजे मीटरभर लांब-रुंद पत्र्यावर तीनशे किलो. मधी आधाराला लोखंडी अँगल मारायला लागतील, साहेब.”

“झडप कोण बंद करतंय? टेन्शन नका घेऊ, दत्ताभाऊ.”

दत्ता तडक वर्कशॉपमध्ये गेला. तेवढाच पत्रा दोन आधारांवर आडवा ठेवला आणि त्यावर पन्नास-पन्नास किलो मिठाच्या गोण्या एकेक करून पसरल्या. हिशेब तो असाच करतो. चौथीला पत्र्याला पोट आलं, सहावीला तो वाकून जमिनीला टेकला. त्याचा फोटो साहेबांना पाठवला. साहेबांनी उलट हसणारं तोंड पाठवलं आणि खाली लिहिलं, सोमवारपर्यंत काम संपवा.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी सोमवारी त्याने डक्ट ड्रॉइंगप्रमाणेच चढवला. मी नाही चढवला तर दुसरा कुणी चढवेल, असं स्वतःला सांगत राहिला. मग दोन आठवडे घरी बायको जनीवर उगाच खेकसत होता.

पंधराव्या दिवशी साहेबांनी काम ताब्यात घेण्यासाठी बोलावलं. जेवणाची सुट्टी होती. शेड रिकामी असल्याचं दत्ताने स्वतः फिरून पाहिलं आणि पंखा चालू असतानाच झडपेचा दांडा खाली ओढला. धाडकन आवाज झाला. डक्ट आत चेपला, दोन जोड तुटले आणि बारा फुटांचा तुकडा पॅकिंगच्या बाकांवर येऊन पडला.

“झडप मी बंद केली, साहेब,” दत्ता म्हणाला. “आता हसा.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. दत्ताला फार बरं वाटलं.

आवाज ऐकून बायका डबे हातात घेऊन दारात आल्या होत्या. भाविका आपल्या मोडलेल्या बाकाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “काका, तुला ठाव व्हता ना? मंग पंधरा दिस मना याच्याखाली कशाला बसू दिलंस?”

साहेबांसाठी दत्ताने पंधरा दिवस शिव्या जमवून ठेवल्या होत्या. आता त्यातली एकेक त्याला स्वतःलाच लागू पडत होती.