गाडी रिकामी जात नाही

वरूडचा वास आधी येतो, गाव नंतर. मोर्शी मागे पडली आणि एसटीच्या खिडकीतून संत्र्याच्या सालीचा असा दरवळ आत शिरला, की शेजारच्या आजोबांनी न विचारताच सांगून टाकलं, "आलं बाप्पा वरूड." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कॅरेटच्या थप्प्या, ट्रॅक्टर, ट्रक, आणि त्यांच्या मधून पोती लादलेल्या दुचाक्या सुसाट. उतरून रस्ता ओलांडेपर्यंत माझा जीव मुठीत होता.

मी पुण्यात खाणावळ चालवते. माझ्या भाकरीला कोणी नावं ठेवली नव्हती. ती ठेवली वैष्णवीनं, वरूडहून शिकायला आलेल्या मुलीनं. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "काकू, भाकर छान हाय, पण जवारी बेचव हाय." असा राग आला म्हणता! पण सुट्टीहून येताना तिनं घरचं पीठ आणलं. मी भाकरी थापली, एक घास खाल्ला आणि राग विसरले. ज्वारी खरोखर गोड होती. ती वर्षभराची मिळवायचीच, असं ठरवून दिवाळी झाल्यावर मी निघाले होते.

आणि वरूडला येऊन कळलं काय, तर इथं ज्वारी कोणी पेरतच नाही! वैष्णवीचे वडील विलासभाऊ पोट धरून हसले. "आमच्याकडे सारा संत्राच हाय. जवारी तेल्हाऱ्याकडची. उद्या गाडी जाऊन राहिली, चाला."

सकाळी संत्र्यांची कॅरेटं भरलेल्या छोट्या टेम्पोत मी त्यांच्या शेजारी बसले. अमरावतीला त्यांनी आग्रहानं गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा) खायला घातला. गाडी सुरू होताच उरलेलं दही माझ्या नव्या साडीवर सांडलं. पण चव अशी, की मला साडीपेक्षा दह्याचंच वाईट वाटलं.

वाटेत त्यांनी या फेरीची गोष्ट सांगितली. लॉकडाऊनमध्ये बाजार बंद झाला आणि त्यांची संत्री झाडाखाली सडायला लागली. त्यांची बहीण तेल्हाऱ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. कोणाच्या तरी मुखी लागू देत, म्हणून त्यांनी गाडी भरून तिकडे नेली. तिथल्या बायकांनी संत्री घरोघर वाटली, पण गाडी परत निघाली तेव्हा आडव्या उभ्या राहिल्या. शेजारणीचं भांडं कोणी रिकामं परत करतं का? मग गाडी कशी करायची? ज्वारी, मूग, डाळ, घरात होतं ते त्यांनी भरलं. तेव्हापासून दरवर्षी ही देवघेव चालू आहे. परतताना थोडी वाट वाकडी केली, की लागणारं चांदूर रेल्वेचं मुलींचं वसतिगृहही त्यात आलं. तिथं धान्य उतरतं आणि मुली परसातली वांगी, मेथी गाडीत टाकतात.

"आणि हिशेब कोण ठेवतं?" मी विचारलं. खाणावळवालीच मी!

"हिशेब ठेवला असता तं भांडनं झाली असती ना बाई."

दर्यापूरच्या पुढे त्यांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, "यंदा कमळाकाकूचा फोन आल्ता. येऊ नको म्हने."

कमळाकाकू त्या बायकांच्या गटाच्या म्होरक्या. गाडी थांबली तेव्हा त्या पारापाशीच उभ्या होत्या. उंच, काटक, कमरेला पदर खोचलेला. विलासभाऊ मागची फळी उघडायला गेले, तर त्यांनी फळीवर हात ठेवला.

"उतरवू नको. तुले सांगतलं होतं ना? कावून आला?"

"काकू, संत्रा हाय, खराब होईन."

"होऊ दे. मले गाडी रिकामी धाडावी लागन. ते माह्यानं होत नाई."

त्यांनी आम्हाला घरात नेऊन पोतं उघडून दाखवलं. कापणीच्या तोंडावर पाऊस झाला आणि कणसं उभ्या धाटावर काळी पडली. गेली ती गेली, पण बियाण्याचं काय? ही ज्वारी दुकानात मिळत नाही. सासूकडून सुनेकडे, असं बायकांनीच जपलेलं हे बी. काकूंनी मूठभर दाणे ओल्या फडक्यात बांधून पाहिले होते. दोन-चारांना मोड आले, बाकी सडले. गावात सगळ्यांचं तेच.

"संपलं बाई," त्या मला म्हणाल्या. "पाखरं हाकलली, डुकरं हाकलली, बोलनी खाल्ली, पन पेरली. आता पुढच्या साली सारी पऱ्हाटीच (कापूस). बीच नाई तं काय पेरू?"

मी पुण्याहून नेलेला लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला.

आम्ही बाहेर आलो, तर विलासभाऊ एव्हाना गाडीवर चढले होते. चार कॅरेटं बाजूला सारून त्यांनी एक पोतं ओढलं आणि काकूंच्या पुढ्यात आणून ठेवलं. त्यात ज्वारीची कणसं होती, पांढरीशुभ्र. काकूंनी एक उचललं, दाणा दाताखाली फोडला आणि कणीस छातीशी धरलं.

"माय वं! हे तं माह्या सासूची जवारी हाय!"

वैष्णवीच्या आईनं आदल्या वर्षी आलेल्या धान्यातले चार पसे बागेच्या धुऱ्यावर (बांधावर) पेरले होते. आवड म्हणून. त्या वेळी विलासभाऊंनी तिची थट्टा केली होती, हेही त्यांनीच सांगितलं. पाऊस यायच्या आधीच कणसं घरात आली होती.

"मंग फोनवर कावून नाई बोलला?"

"बोललो असतो तं तुमी म्हटलं असतं, राहू दे. काकू, मागच्या साली तुमचं पोतं आलं आमच्याकडे. ते रिकामं कसं धाडू?"

काकू पदरात तोंड खुपसून रडल्या. मग डोळे पुसले आणि जमलेल्या बायकांवरच ओरडल्या, "पाहून काय राहिल्या वं? उतरवा संत्रा!"

यंदाचा मूग मात्र पावसाआधीच घरात आला होता. घराघरातून तो निघाला, सुकवलेली अंबाडी निघाली आणि गाडी भरली. आम्ही ताक-कण्या (भरडलेल्या ज्वारीचा भात) जेवलो. गेल्या सालच्या, भरडून ठेवलेल्या ज्वारीच्या शेवटच्या कण्या. मी तीनदा मागून घेतल्या, लाजले नाही.

निघताना काकूंनी माझा डबा परत दिला. आत काही खुळखुळलं म्हणून उघडला, तर त्यात त्या पोत्यातली मूठभर ज्वारी.

"अहो काकू, बी आहे ते! पुण्यात मी कुठं पेरू?"

"कुंडीत पेर. इथली गेली तं तुह्याकडून आणू."

चांदूर रेल्वेला मूग उतरवून मी रेल्वेत बसले. वर्षाची ज्वारी आणायला गेलेली मी, मूठभर घेऊन परतले. अख्ख्या प्रवासात डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. एवढा विश्वास माझ्यावर सख्ख्या माणसांनीही कधी टाकला नव्हता.

मृग लागला तसे गॅलरीतल्या कुंड्यांमधले गुलाब मी उपटले. सध्या कणसं भरली आहेत आणि रोज सकाळी मी कबुतरांच्या नावानं शंख करते. जेवायला येणारी मुलं हसतात. परवा एकानं विचारलं, "काकू, एवढ्याशा ज्वारीची अर्धी भाकरी तरी होईल का?"

"हात लावशील तर खबरदार," मी म्हणाले. "ती आपली नाही. तेल्हाऱ्याची आहे, माझ्याकडे राहायला आलीय."